टाचणीताईंच्या पायऱ्या आणि जावककाकांचा अर्ज

गावातली गरिबी हटवायची, हा ठराव सकाळी सव्वासात वाजता वाचनालयाच्या ओट्यावर एकमताने मंजूर झाला. एकमत व्हायला फारसा त्रास पडला नाही, कारण मंडळाचे सभासद एकूण तीन. ठराव मांडला दातांच्या डॉक्टरांनी, कारण अध्यक्ष तेच होते आणि दवाखाना नऊला उघडायचा असल्यामुळे घाईही त्यांनाच होती. अनुमोदन दिलं गणिताच्या निवृत्त मास्तरांनी. आणि ठराव सुवाच्य अक्षरात उतरवून, खाली दुहेरी रेघ मारून, वही मिटून काखेत घेतली ती जावककाकांनी.

जावककाका हे काही त्यांचं जन्माचं नाव नव्हे. काकांनी एका मोठ्या कचेरीत तेहेतीस वर्षं जावक टेबल सांभाळलं होतं. कचेरीतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाला नंबर द्यायचा, तारीख टाकायची, पाकीट चिकटवायचं आणि रवाना करायचं. त्या कागदाला उत्तर यायचं ते आवक टेबलावर, दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या माणसाकडे. त्यामुळे पाठवलेल्या कागदाचं पुढे काय होतं, हे काकांनी तेहेतीस वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. कागद गेला म्हणजे काम झालं, अशी त्यांची निर्मळ श्रद्धा होती. श्रद्धा फार चांगली गोष्ट आहे. ती कुठे ठेवायची एवढाच काय तो प्रश्न असतो.

"आता सुरुवात कुणापासून?" डॉक्टरांनी घड्याळ पाहत विचारलं.

गरिबी हटवायची तर हाताशी निदान एक गरीब हवा, ही गोष्ट ठरावात राहूनच गेली होती.

"टेकडीपलीकडे वस्ती आहे," मास्तर म्हणाले, "पण चढ आहे. माझा गुडघा."

"आणि मला नऊला दाढ काढायची आहे."

तेव्हा गरीब जवळचाच असावा, असं ठरलं. तिघांनी समोर पाहिलं, आणि समोरच टाचणीताई बसलेल्या होत्या.

वाचनालयासमोर एक फोटो स्टुडिओ होता. तो बंद होऊन नऊ वर्षं झाली असतील. त्याच्या दाराला तीन रुंद पायऱ्या. सगळ्यात वरच्या पायरीवर हाताने फिरवायचं शिवणयंत्र मांडून ताई बसायच्या. मधल्या पायरीवर गिऱ्हाइकाने बसायचं आणि खालच्या पायरीवर गिऱ्हाइकाच्या चपला. पँट आखूड करणं, शर्टाची कॉलर उलटवणं, चेन बदलणं, पोट सुटलेल्यांच्या कमरेला ढील देणं, असली कामं त्या एकोणीस वर्षं, म्हणजे स्टुडिओ चालू होता तेव्हापासून, करत होत्या. तोंडात कायम सहा-सात टाचण्या धरलेल्या. त्यामुळे त्यांचं बोलणं ओठांच्या एका कोपऱ्यातून यायचं आणि दोन-तीन शब्दांत संपायचं. नवरा नव्हता. मुलगी दुसऱ्या गावी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि तिचं राहणं, जेवणं, पुस्तकं सगळं त्या यंत्राच्या मुठीवर फिरत होतं.

"बाई उघड्यावर बसते," डॉक्टर कळवळून म्हणाले. "तिला एक टपरी मिळवून देऊ. छप्पर, दार, कुलूप."

"बारा चौरस मीटर पुरेत," मास्तर म्हणाले.

"नगरपालिकेकडे अर्ज करतो," काका म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं की जणू ओट्यावर दिवा लागला. निवृत्त झाल्यापासून त्यांनी एकही कागद रवाना केला नव्हता.

घरी काकू ज्वारी निवडत कुठलंसं भजन गुणगुणत बसल्या होत्या. काकांनी टेबल ओढलं, कार्बन पेपर शोधला आणि सगळा बेत सांगितला.

काकूंनी भजन मध्येच थांबवलं. "ताईंना विचारलंत का, टपरी हवी का म्हणून?"

"अगं, लाभार्थ्याला विचारायचं नसतं. लाभार्थ्याला कळवायचं असतं."

काकूंनी पुढची ओळ गायला घेतली. काकूंचं असं होतं; वाद घालण्यापेक्षा त्या देवाकडे अपील करायच्या.

आता अर्ज. मंडळी, काकांचा अर्ज म्हणजे काही तुमच्याआमच्यासारखा 'कृपया विचार व्हावा' एवढ्यावर संपणारा नव्हता. चार पानं आणि चार प्रती. काकांचं म्हणणं असं की, मागणी करण्याआधी सद्यःस्थिती संपूर्ण आणि सत्य मांडावी, म्हणजे वाचणाऱ्या अधिकाऱ्याचं मन आपोआप द्रवतं. म्हणून त्यांनी लिहिलं: 'सदर महिला गेली एकोणीस वर्षे सदर बंद दुकानाच्या पायऱ्यांवर, कोणत्याही परवान्याविना, दररोज सकाळी आठ ते सायंकाळी सहा या वेळेत, रहदारीस लागून व्यवसाय करीत आहे.' 'परवान्याविना' या शब्दाखाली तर त्यांनी रेघ मारली. ती करुणा अधोरेखित व्हावी म्हणून.

जोडपत्र अ, म्हणजे जागेचा नकाशा, मास्तरांनी काढला. मोजणी त्यांनी पावलांनी केली. गुडघ्यामुळे त्यांचं एक पाऊल पूर्ण पडायचं आणि एक निम्मं. हिशेब करताना मास्तरांनी ही गोष्ट लक्षात घेतली नाही. वर्गात याच चुकीसाठी त्यांनी कित्येकांना बाकावर उभं केलं असतं. त्यामुळे नकाशात त्या तिन्ही पायऱ्या सरळ रस्त्यात घुसलेल्या दिसत होत्या. जोडपत्र ब, म्हणजे छायाचित्र, डॉक्टरांनी मोबाईलवर काढलं. त्यात ताई, यंत्र, दोन गिऱ्हाइकं आणि वळसा घालून जाणारा एक सायकलवाला असं सगळं व्यवस्थित आलं होतं.

काका नगरपालिकेत गेले. आवक खिडकीतल्या बाईंकडून पोच घेतली. शिक्का गोल, ठसठशीत उमटला होता. घरी येऊन त्यांनी पोच फायलीत लावली आणि दुपारी अशी झोप काढली की काकूंना तीनदा हाक मारावी लागली.

हा झाला पूर्वरंग.

नगरपालिका कागदाला उत्तर द्यायला सहा महिने लावते, हे गावात पोरासोरांनाही ठाऊक होतं. गल्लीतल्या फुटलेल्या गटाराचा अर्ज करणाऱ्याची मुलगी लग्न होऊन आई झाली, तरी गटार तसंच होतं. पण काकांच्या अर्जाला उत्तर चौथ्या दिवशी आलं. अर्ज इतका परिपूर्ण होता की साहेबांना काही करायलाच उरलं नव्हतं. नाव, जागा, वेळ, मुदत, नकाशा, फोटो. अतिक्रमण विभागाच्या इतिहासात असं तयार प्रकरण कुणी आणून दिलं नव्हतं.

काकांनी पाकीट दारातच उघडलं. वाचता वाचता ते उंबऱ्यावर बसले.

पहिल्या परिच्छेदात 'आपल्यासारख्या जागरूक नागरिकांचे' आभार मानले होते. दुसऱ्यात लिहिलं होतं की, आपल्या तक्रारीनुसार सदर महिलेस व्यवसाय तत्काळ बंद करण्याची नोटीस बजावली आहे. येत्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता स्थळपाहणी होईल आणि आपला नकाशा बरोबर आढळल्यास सदर पायऱ्या तोडून टाकण्यात येतील. तिसऱ्यात, प्रत माहितीसाठी सदर महिलेस.

"तक्रार?" काका पुटपुटले. "मी तक्रार कुठे केली?"

काकूंनी कागद घेऊन वाचला. मग त्या चष्मा काढून इतकंच म्हणाल्या, "अहो, आता उत्तर आपल्याच घरी येतं. आवक टेबल हेच."

काका तसेच अनवाणी स्टुडिओकडे गेले. ताई यंत्रावर झाकण घालत होत्या. त्यांच्या मांडीवर नोटीस होती आणि तोंडात टाचण्या नव्हत्या. एकोणीस वर्षांत गावाने त्यांचा पूर्ण चेहरा पहिल्यांदाच पाहिला असेल.

"ताई, मी तुमच्यासाठी टपरी मागितली होती हो."

"हो का?" ताई म्हणाल्या. "इथे तसं लिहिलेलं नाही."

खरोखरच नव्हतं. टपरीची मागणी चौथ्या पानावर होती, आणि साहेबांचं काम दुसऱ्या पानावरच भागलं होतं.

"ह्या पायऱ्यांवर मला फोटोवाल्यांनी बसवलंय," ताई म्हणाल्या. "वरच राहतात ते. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे गेलेत. आले की सांगतील."

"तोंडी परवानगी?" काकांनी सवयीने मान हलवली. "तिला कागदावर काही किंमत नसते, ताई."

हे वाक्य तेव्हा बोलायला नको होतं, हे त्यांना शब्द तोंडातून गेल्यावर कळलं. पण गेलेला शब्दही जावकच.

सकाळची बातमी दुपारपर्यंत गावभर झाली. अर्जाचा हेतू कुणालाच माहीत नव्हता. तक्रारदाराचं नाव मात्र नोटिशीवर छापील होतं. न्हाव्याने काकांच्या गालाला साबण लावून ठेवला आणि आधी दोन माणसं उरकली. दूधवाला म्हणाला, "काका, म्हशीचंही लायसन नाही माझ्याकडे. लिहिणार असाल तर आधी सांगा, विकून टाकतो." वाचनालयात काका जाऊन बसले की बाकावरची माणसं एकेक करून पेपर घडी घालून उठायची. ज्या माणसाने जन्मात कुणाच्या फाटकाची कडीसुद्धा उघडी टाकली नाही, त्याच्याकडे लोक असं पाहू लागले की जणू तो चोर आहे.

मंडळाची तातडीची बैठक भरली.

"नकाशा भूमितीच्या दृष्टीने निर्दोष आहे," मास्तर म्हणाले.

"फोटोही स्पष्ट आलाय," डॉक्टर म्हणाले. "दोष मजकुरात असावा."

दोघांनी मजकूर लिहिणाऱ्याकडे पाहिलं. काकांनी त्या दिवसाचं इतिवृत्त लिहिलं नाही. नोकरीची तेहेतीस आणि निवृत्तीनंतरची पाच वर्षं धरून हे प्रथमच घडलं.

मार्ग काढला तो काकूंनी, आणि तोही न विचारता. शनिवारी सकाळी काका आंघोळ करून बाहेर येतात तो पुढच्या खोलीत, त्यांच्या आरामखुर्चीच्या जागी, शिवणयंत्र! आरामखुर्ची न्हाणीघराच्या भिंतीला टेकवून उभी केलेली.

"गुरुवारपर्यंत ताई इथे बसतील," काकू म्हणाल्या. "अर्धवट कामं पडलीयेत बिचारीकडे. लोक पँटी मागायला येतील त्यांना काय सांगायचं?"

लोक आले. आपण ज्यांना वर्षानुवर्षं रस्त्यावर नुसतं 'काय, बरं आहे ना' म्हणतो, त्यांच्या पँटी केवढ्या असतात हे काकांना त्या तीन दिवसांत कळलं. बँकेचे व्यवस्थापक काकांच्या देवघराशेजारच्या पडद्याआड पँट घालून पाहत होते. शाळेच्या मुख्याध्यापिका काकांच्या टेबलावर परकर पसरून चर्चा करत होत्या. पोस्टमन पत्र टाकायला आला आणि खिसा शिवून घेऊन गेला. दारात चपलांचा असा ढीग झाला की काकांना स्वतःच्या घरात शिरताना 'जरा वाट द्या' म्हणावं लागलं. कुणीतरी वाट देत म्हणालं, "आजोबा, नंबराने या."

ह्या सगळ्यात काकांचा अपमान झाला तो झालाच. पण गैरव्यवस्था त्याहून असह्य होती. ताईंकडे ना वही ना पावती. कुठली पँट कुणाची, हे त्या कमरेच्या आकारावरून ओळखायच्या. "ही डॉक्टरांची. बसून बसून मागे झिजते. ही मास्तरांची, एकच गुडघा फुगलेला."

"ताई, अशाने घोटाळा होईल," काका म्हणाले आणि त्यांनी नवी वही काढली. प्रत्येक पँटीला आवक क्रमांक, चिठ्ठी टाचून. बाहेर जाताना जावक क्रमांक. एक दिवस काकांचा जीव शांत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंनी खिडकी उघडली, वाऱ्याची झुळूक आली आणि अर्ध्या चिठ्ठ्या खोलीभर उडाल्या. काकांनी त्या गोळा करून अंदाजाने परत लावल्या. ताईंना विचारलं नाही. त्यांच्याकडे नोंदच नव्हती, तर विचारायचं काय?

संध्याकाळी डॉक्टरांच्या दवाखान्यात पेशंट खुर्चीत आ वासून पडलेला, डॉक्टरांच्या एका हातात चिमटा आणि दुसऱ्या हाताने त्यांनी अंगावरची पँट कमरेशी घट्ट धरून ठेवलेली. "अजून मोठा उघडा," ते म्हणाले, आणि पँट गुडघ्यापर्यंत आली. पेशंटने दाढेचा विचार बदलला. तिकडे मास्तर घरात श्वास रोखून उभे होते, कारण डॉक्टरांची पँट त्यांना घालता आली होती, पण काढता येत नव्हती.

"पाहिलंत?" दुसऱ्या दिवशी ताई टाचण्यांआडून म्हणाल्या. "माझ्याकडे कधी बदललं नाही."

काकांनी वही मिटली.

पण मंडळी, हसण्यावारी नेण्यासारखं सगळंच नव्हतं. मंगळवारी दुपारी अर्धवट कामं संपली. पुढची खोली रिकामी झाली. काकांना बरं वाटायला हवं होतं. पण त्यांच्या लक्षात आलं की तीन दिवसांत नवं गिऱ्हाईक एकही आलेलं नाही. येईलच कसं? ताईंची गिऱ्हाइकं म्हणजे बसस्टँडकडे जाता जाता थांबणारी माणसं. पायऱ्या दिसल्या की त्यांना आपली उसवलेली शिवण आठवायची. काकांच्या गल्लीत कोण कशाला शिरेल? ताई यंत्रापुढे हात बांधून बसल्या होत्या. मुलीचा फोन आला तेव्हा म्हणाल्या, "हो गं, चाललंय नेहमीसारखं." फोन ठेवला आणि यंत्राची मूठ उगाचच दोनदा फिरवली. सुईखाली कापड नव्हतं.

काकूंनी देवाकडे पाहिलं. मग काकांकडे. काकांनी छत्री घेतली आणि ते नगरपालिकेत गेले.

"मला माझा अर्ज परत हवा," ते आवक खिडकीत म्हणाले.

खिडकीतल्या बाईंनी आदराने वर पाहिलं. "ते काका तुम्हीच का? बसा ना. तुमचा अर्ज आम्ही नव्या लोकांना नमुना म्हणून दाखवतो. जोडपत्रांसकट."

"तो चुकून गेलाय. परत द्या."

"आवक झालेला कागद परत कसा जाईल, काका? निकाल लागल्याशिवाय त्याची जावक होत नाही. तुम्हाला तर माहीतच असेल."

काकांना माहीत होतं. हेच वाक्य त्यांनी किती जणांना ऐकवलं होतं, त्याची मात्र नोंद नव्हती. त्यातल्या कुणाचे चेहरे कसे झाले असतील, ते त्यांना त्या खिडकीच्या या बाजूला उभं राहिल्यावर दिसलं.

गुरुवारी अकराला स्टुडिओपुढे हीऽ गर्दी. डॉक्टर आले नव्हते. त्यांना म्हणे अक्कलदाढ निघाली होती, कुणाची ते कळलं नाही. मास्तर आले, पण टेकायला जागा पाहून मागे उभे राहिले. अतिक्रमण विभागाचे साहेब फीत आणि फाईल घेऊन आले. बरोबर दोन माणसं, पहारी घेऊन. त्या पहारी पाहून गर्दी दोन पावलं मागे सरली. ताई खालच्या पायरीजवळ उभ्या होत्या. काकू त्यांना चिकटून.

"तक्रारदार कोण?" साहेबांनी विचारलं.

काका पुढे झाले. गर्दीने त्यांना वाट दिली, पण ती आदराची नव्हती.

साहेबांनी फीत सोडली. एवढ्यात कोपऱ्यावर एक रिक्षा थांबली आणि तिच्यातून एका डोळ्याला हिरवी पट्टी बांधलेले एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत उतरले. त्यांनी गर्दी पाहिली आणि वैतागून म्हणाले, "अहो, स्टुडिओ बंद होऊन नऊ वर्षं झाली. पासपोर्टचे फोटो निघणार नाहीत!"

हे फोटोवाले. ते हयात आहेत, हेच अर्ध्या गावाला ठाऊक नव्हतं.

"ह्या पायऱ्या कुणाच्या?" साहेबांनी विचारलं.

"माझ्या. बापाने बांधल्या, दुकानाच्या आधी. माझ्या जागेची हद्द त्या गटाराच्या काठापर्यंत आहे. कागद वर आहेत, जिना चढायची तयारी असेल तर दाखवतो."

"आणि ह्या बाई?"

"ही इथे बसते म्हणून मी वर निवांत झोपतो. माझी बटणं लावते, चहा आणून देते. आणखी काय लिहून द्यायचं?"

साहेब जिना चढले, कागद पाहिले, खाली आले. फीत गटारापासून धरली. पायऱ्या चांगल्या वीतभर आत होत्या. पुन्हा मोजलं. वीतभर आतच. साहेबांनी मास्तरांच्या नकाशाकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. मास्तर गुडघा चोळू लागले.

गर्दीत हायसं वाटल्याचा आवाज झाला. पहारीवाल्यांनी पहारी भिंतीला टेकवल्या. पण साहेबांनी फाईल मिटली नाही.

"एक अडचण आहे," ते म्हणाले. तसा माणूस वाईट नव्हता. फाईल वाईट होती. "पायऱ्या खाजगी निघाल्या, म्हणजे परवान्याचा प्रश्नच उरत नाही आणि अर्जातली माहिती खोटी ठरते. आता दोनच वाटा. तक्रारदार म्हणत असेल माझं बरोबर आहे, तर सरकारी मोजणी मागवायची. ती व्हायला आठ-दहा महिने जातील, आणि तोवर ही बंदी कायम. नाहीतर तक्रारदाराने लिहून द्यायचं की माहिती चुकीची होती. मग बंदी आत्ता उठते. पण ते पत्र सात दिवस नगरपालिकेच्या फलकावर लागेल. नियम आहे."

तेहेतीस वर्षांत त्यांना एक मेमो नाही. 'माहिती चुकीची' असा शेरा त्यांच्या एकाही कागदावर पडला नव्हता. आणि तो फलक कुठे होता, तर नगरपालिकेच्या दारात, जिथून त्यांचे जुने सहकारी दर पहिल्या तारखेला पेन्शनच्या कामाला जायचे. सगळे थांबून वाचणार. वाचून हसणार. काकांनी एकदा मास्तरांकडे पाहिलं, एकदा डॉक्टर जिथे असायला हवे होते त्या रिकाम्या जागेकडे.

ताईंनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि पदराला खोचल्या.

"काका," त्या म्हणाल्या, "एकोणीस वर्षं मला इथून कुणी उठवलं नाही. तुम्ही उठवलंत. आता बसवा."

आवाज चढलेला नव्हता. तक्रारही नव्हती. चुकलेली शिवण उसवून परत घालायला सांगावी, इतक्या सरळ त्या बोलल्या.

काकांनी कागद मागितला. काकूंनी पेन पुढे केलं; त्यांनी ते घरूनच आणलं होतं. मधल्या पायरीवर, गिऱ्हाइकाच्या जागी बसून काकांनी गुडघ्यावर कागद ठेवला.

साहेबांना दया आली. वाकून ते हळूच म्हणाले, "'अनवधानाने' असं लिहा, काका. सगळे तेच लिहितात. त्यात कुणाला कमीपणा नाही."

शब्द चांगला होता. त्यांनी स्वतः तो हजारो पाकिटांतून रवाना केला होता.

"नाही साहेब," ते म्हणाले. "अनवधान कसलं? मी अगदी मन लावून लिहिलं होतं. चार प्रती काढल्या होत्या."

आणि त्यांनी लिहिलं: 'मी ताईंना काहीही न विचारता अर्ज केला. त्यातील माहिती चुकीची आहे. पायऱ्या त्यांच्याच बसण्याच्या आहेत.' खाली सही. संदर्भ नाही, जोडपत्र नाही, प्रत माहितीसाठी नाही. आयुष्यातला सगळ्यात लहान कागद. तो त्यांनी पुढे केला आणि साहेबांनी दोन्ही हातांनी घेतला.

पहारीवाल्यांनीच काकांच्या घरून यंत्र उचलून आणलं. येताना आरामखुर्चीही जागेवर ठेवली, कारण काकूंनी बजावलं होतं. बाराला पाच कमी असताना ताईंनी मूठ फिरवली. बसस्टँडकडे निघालेला एक माणूस थबकला, स्वतःच्या बाहीकडे पाहिलं आणि चपला काढून वर आला.

पत्र सात दिवस फलकावर होतं. सहकाऱ्यांनी वाचलं, आणि हसायचं ते हसलेही. पण न्हाव्याने काकांची दाढी नंबराआधी केली, आणि दूधवाल्याने म्हैस विकण्याचा विषय परत काढला नाही. आठव्या दिवशी मंडळाची बैठक भरली. डॉक्टर म्हणाले की आता पुढचा लाभार्थी पाहू. काका म्हणाले, "थांबा जरा," आणि ओटा उतरून रस्ता ओलांडून गेले. मधल्या पायरीवर बसले.

"ताई, एक विचारायचं राहून गेलं होतं. तुम्हाला काय हवंय?"

ताईंची मूठ थांबली. प्रश्नच नवा होता.

"दुपारनंतर सुईत दोरा जात नाही हो, काका," त्या म्हणाल्या. "उजेड असतो, पण डोळेच साथ देत नाहीत. हातशिलाईची कामं परत पाठवावी लागतात. सकाळी कुणी पंधरा-वीस सुया ओवून ठेवल्या, तर दिवस निभेल."

तेव्हापासून गावातली गरिबी हटवायचं काम रोज सकाळी साडेसातला सुरू होतं. डॉक्टरांचा हात स्थिर, त्यामुळे ते नऊच्या आत दहा सुया सहज ओवतात. मास्तर सुई आणि दोरा यांच्यातला योग्य कोन सांगतात आणि स्वतः दोन ओवतात. काकांना मात्र पहिल्या दिवशी पहिल्या सुईलाच वीस मिनिटं लागली. चष्मा वर केला, खाली केला. दोरा ओला केला, पिळला. देवाचं नाव घेतलं. आणि दोरा गेला! त्यांनी विजयी मुद्रेने रीळ धरलं आणि ओढतच राहिले.

"पुरे, पुरे," ताई टाचण्यांआडून म्हणाल्या. "हातभर बास. लांब घेतला की गुंता होतो, काका."

काकांनी मान डोलावली आणि चार हात ओढलेला दोरा गुपचूप दातांनी तोडला.